युद्धाचा जमाखर्च पटलावर ठेवा : गोव्याच्या तीन खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतील उत्तर गोवा व दक्षिण गोवा मतदारसंघांचे सन्माननीय सदस्य
आणि राज्यसभेतील गोव्याचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला, सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेला एक मतदार आहे. नोकरीची सगळी वर्षे बिले तपासण्यात आणि तिजोरीतून गेलेल्या पैशाचा मेळ घालण्यात गेली, त्यामुळे माझी मागणीही हिशेबाचीच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. देशाने कोणतीही मोठी लष्करी कारवाई केली की ती थांबल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तिच्यात दगावलेली व जायबंदी झालेली माणसे आणि तिच्यावर खर्च झालेला पैसा यांचे एकत्र विवरणपत्र सरकारने संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे, आणि पुढे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर ते अद्ययावत करून द्यावे, असे बंधन कायद्याने घातले जावे. कारवाई करावी की नाही, केलेली बरोबर होती की चूक, हा वाद मला या पत्रात घालायचा नाही. ज्यांना प्रत्येक कारवाई योग्यच वाटते त्यांनाही तिची किंमत ठाऊक असली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाली, ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मे रोजी दोन्ही बाजूंचा मारा थांबला. त्यावर लोकसभेत २८ व २९ जुलैला आणि राज्यसभेत २९ व ३० जुलैला चर्चा झाली. प्रत्येक सभागृहात त्यासाठी १६ तास राखून ठेवले होते. ती चर्चा मी दूरचित्रवाणीवर जमेल तेवढी ऐकली. भाषणे आवेशाची होती, जुन्या युद्धांचे दाखले भरपूर होते, आणि १९४८ पासून कोणाचे काय चुकले याची उजळणी दोन्ही बाकांवरून मनसोक्त झाली. परंतु पूंछमध्ये तोफांच्या माऱ्याने किती घरे पडली, त्या घरांतली किती माणसे मेली, जखमींपैकी किती कायमचे अधू झाले, त्या चार दिवसांत किती रुपयांचा दारूगोळा संपला आणि तो भरून काढायला किती लागणार, हे सांगणारे एकत्रित विवरण हातात घेऊन बोलायला उभा राहिलेला सदस्य मला दिसला नाही. तसे विवरण कोणाला दिलेलेच नव्हते. आकडे समोर नसले की चर्चा घोषणांकडे वळते, यात सदस्यांचाच सगळा दोष आहे असे मी म्हणणार नाही.

याच कारवाईत आपण काही विमाने गमावली, हे संरक्षण दलप्रमुखांनी प्रथम मान्य केले ते ३१ मे २०२५ रोजी सिंगापूरमध्ये, परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना. संख्या त्यांनी सांगितली नाही आणि सांगायला हवी होती असा माझा हट्टही नाही. पण नुकसान झाले आहे ही गोष्ट भारताच्या संसदेच्या आधी परदेशी वार्ताहरांना कळते, तेव्हा आपण निवडून दिलेल्या माणसांचे स्थान नेमके कोठे आहे, असा प्रश्न मतदाराला पडणारच.

राज्यघटनेत याची सोय नाही असे नव्हे. संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य कलम ५३ ने राष्ट्रपतींकडे दिले आहे, पण त्याच कलमात त्याचा वापर कायद्याने विनियमित होईल असेही म्हटले आहे. युद्ध आणि शांतता हा सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या यादीतला १५ वा विषय, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. तरीही युद्ध सुरू करण्यापूर्वी किंवा संपल्यावर सरकारने संसदेला काय सांगावे, हे ठरवणारा कायदा पंच्याहत्तर वर्षांत झाला नाही. पैशाच्या बाबतीत घटनाकारांनी तर अधिक दूरदृष्टी दाखवली होती. कलम ११६ मध्ये प्रत्ययानुदानाची तरतूद आहे. एखाद्या कामाचा आवाका फार मोठा किंवा स्वरूप अनिश्चित असल्यामुळे नेहमीच्या अंदाजपत्रकासारखा तपशील देता येत नसेल, तेव्हा त्या अनपेक्षित मागणीसाठी लोकसभेने वेगळे अनुदान द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. युद्धाचे वर्णन याहून नेमके कसे करणार? तसे अनुदान एकदा मागितले की त्याचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. प्रत्यक्षात मात्र युद्धाचा खर्च पुरवणी मागण्यांत, पुढच्या वर्षाच्या भांडवली खर्चात आणि निवृत्तिवेतनाच्या मागणीत असा विखरून जातो, आणि संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या चारही मागण्या कित्येक वर्षी चर्चेविनाच, इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर होतात. आमच्याकडे देवस्थानाच्या महाजनांच्या सभेत पालखीच्या तेलवातीचा खर्च वाचून दाखवल्याशिवाय कोणी हात वर करत नाही, आणि तो जमाखर्च पुढे मामलेदाराकडे जातो.

कारगिलचे उदाहरण जरा विस्ताराने मांडतो, कारण त्यात चांगले आणि वाईट दोन्ही आहे. लढाई जुलै १९९९ च्या अखेरीस संपली आणि २९ जुलै रोजी, म्हणजे तीनच दिवसांत, सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. समितीने काही महिन्यांत अहवाल दिला आणि २३ फेब्रुवारी २००० रोजी तो संसदेत सादरही झाला. काही परिच्छेद वगळले होते, अनेक परिशिष्टे गुप्त ठेवली होती, तरी गुप्तचर यंत्रणा कोठे कमी पडल्या हे सामान्य वाचकाला समजेल इतके त्यात शिल्लक होते. त्यातूनच मंत्रिगट नेमला गेला आणि संरक्षण व्यवस्थेत काही बदल झाले. एवढे श्रेय त्या वेळच्या सरकारला दिलेच पाहिजे. पण समितीला नेमून दिलेले काम घुसखोरीपर्यंतच्या घटनांचा आढावा घेणे आणि पुढचे उपाय सुचवणे, एवढेच होते. युद्धाला किती लागले, हे तिला विचारलेच नव्हते.

तो प्रश्न नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने डिसेंबर २००१ मध्ये पुढे आणला. कारगिलसाठी म्हणून तातडीने केलेल्या सुमारे २,१७५ कोटी रुपयांच्या खरेदीतला चार पंचमांशांच्या आसपास माल लढाई थांबल्यानंतर हाती आला, असा त्याचा निष्कर्ष होता. निविदांचे नियम शिथिल केले ते जवानाला आजच्या आज वस्तू मिळावी म्हणून. आणि वस्तू आली तेव्हा जवान शिखरावरून खाली उतरलेला होता. लेखा खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या एका निष्कर्षात कित्येक दिवसांच्या चर्चेचे साहित्य दिसते: तातडीची खरेदी म्हणजे किती दिवसांची, उशिरा आलेला माल नाकारता येईल असे कलम करारात होते का, शांततेच्या काळात साठा इतका खाली का गेला होता. यातले फारसे काही सभागृहात झाले नाही. त्याच अहवालात शवपेट्यांच्या खरेदीवर शेरा होता, तो हाती लागल्यावर विरोधकांनी मंत्र्यांवर हल्ला चढवला, सत्ताधाऱ्यांनी देशभक्तीची ढाल पुढे केली आणि कामकाज बंद पडत राहिले. सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीने पुढे चौकशी चालवली तेव्हा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल गुप्त असल्याचे सांगून सरकारने तो समितीला दिला नाही. शवपेट्यांचा खटला बरीच वर्षे चालला आणि शेवटी विशेष न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी आरोपमुक्त केले. म्हणजे ज्यावर सगळा गदारोळ झाला ते न्यायालयात टिकले नाही आणि ज्यावर शांतपणे बोलायला हवे होते ते कागदावरच राहिले. हा दोष एका पक्षाचा नाही, हे जरा मागे गेल्यावर दिसते: पहिल्या काश्मीर युद्धासाठी घेतलेल्या जीपगाड्यांवर लोकलेखा समितीने बोट ठेवले होते, आणि १९५५ साली सरकारने ते प्रकरण आपल्यापुरते संपल्याचे जाहीर केले.

आता माणसांकडे येतो. १९६२ च्या युद्धात १,३८३ जवान मारले गेले आणि १,६९६ बेपत्ता झाले. या दोन आकड्यांपैकी मला दुसरा अधिक छळतो, कारण मृताच्या घरी निदान दिवस घालता येतात. त्या युद्धात, लढाई चालू असतानाच, ८ नोव्हेंबर १९६२ रोजी संसदेचे अधिवेशन सुरू झाले. तेव्हा राज्यसभेत असलेल्या अटलबिहारी वाजपेयींनी ते लवकर बोलावण्याचा आग्रह धरला होता; बैठक गुप्त घ्यावी ही सूचना पंडित नेहरूंनी मानली नाही आणि दीडशेहून अधिक सदस्य उघड सभागृहात बोलले. आज त्याचे मोल मोठे वाटते. परंतु पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांच्या अहवालाबद्दल संसदेला मिळाले ते २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी केलेले निवेदन. अहवाल स्वतः कधीच पटलावर आला नाही, आणि २०१० साली म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतरही तो आजच्या दृष्टीने संवेदनशील असल्याचे उत्तर सरकारने संसदेत दिले. पुढे १९७१ मध्ये ३,८४३ जवान गेले, श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात अकराशेहून अधिक आणि कारगिलमध्ये ५२७. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात बुडाली तेव्हा तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीव त्या वेळी आपल्याच केंद्रशासित प्रदेशाचा भाग होते.

मृतांचे आकडे उशिरा का होईना मिळतात. जखमींचा आकडाही मिळतो, पण तो युद्ध संपले त्या दिवशीचा असतो आणि नंतर तो कोणी उघडून पाहत नाही. आमच्या वाड्यावर श्रीलंकेतून परतलेले एक माजी सैनिक राहतात. सुरुंगाच्या स्फोटात त्यांच्या उजव्या हाताची बोटे गेली आणि एका कानाने ऐकू येईनासे झाले. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो यंत्रावर अंगठा टेकवून देण्याची पद्धत आल्यावर त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. उजवा अंगठा नाही आणि डावा शेतात राबून इतका झिजलेला, की काचेवर कितीही दाबला, ओला करून पुसला, तरी पडद्यावर लाल खूणच येत राहिली; मागे रांग खोळंबली. अखेर चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन काम झाले, आणि तेथल्या मुलीने ते फार आपुलकीने करून दिले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या कागदांवर अपंगत्वाची टक्केवारी आहे. नियमाप्रमाणे ती ५०, ७५ किंवा १०० अशा टप्प्यांत बसवली जाते आणि त्यावर रक्कम ठरते. हात किती टक्के गेला हे सरकारने मोजले आहे. मात्र श्रीलंकेतल्या त्या मोहिमेत एकूण असे किती हात-पाय गेले, आणि त्यापोटी आजवर किती रुपये दिले गेले आणि आणखी किती द्यायचे आहेत, ही बेरीज कोणत्याही अर्थसंकल्पीय कागदात मला सापडली नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते, त्यांपैकी सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. जवळजवळ चौथा हिस्सा. कोणत्या युद्धाने यात किती भर घातली, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही, कारण साठाव्या वर्षी सुखरूप निवृत्त झालेला अधिकारी आणि चोविसाव्या वर्षी पाय गमावलेला शिपाई एकाच मागणीत मिसळून जातात. युद्धाचा खर्च युद्धाबरोबर संपत नाही याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत आहे: १८६५ साली संपलेल्या तिथल्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला २०२० साली तिचे निधन होईपर्यंत दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. आपल्याकडे तर ही देणी कोर्टकचेरीतही अडकतात. गोव्याचेच मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी सेवा आणि निवृत्तिवेतनविषयक खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने अपंगत्वाचे वेतन मंजूर केलेल्या जवानाविरुद्ध मंत्रालयच वरच्या न्यायालयात जाते, हा तिच्यापुढचा एक ठळक विषय होता. युद्धखर्चाचे वार्षिक विवरण असते तर या खटल्यांचा रकाना त्यात आपोआप आला असता.

गोव्यातून हे लिहिण्याला माझ्या मते एक वेगळे कारण आहे. सभागृहाला उत्तर न देणारी सत्ता युद्ध कसे हाताळते, हे आपल्या आधीच्या पिढीने याच भूमीवर पाहिले. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून गव्हर्नर जनरल व्हासाल्लो इ सिल्वा यांना संदेश पाठवला, त्याचा मथितार्थ असा की पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत. शरणागती मान्य नाही. समोर कित्येक पट मोठी फौज आणि मागे मदतीची आशा नाही, अशा तीन हजारांहून अधिक सैनिकांचा मृत्यू एका कागदावर ठरवून टाकला होता, आणि लिस्बनच्या नावापुरत्या विधानसभेत त्याचा जाब विचारणारे कोणी नव्हते. गव्हर्नरने १९ डिसेंबरला वास्कोत शरणागती पत्करली आणि माणसे वाचवली. त्याबद्दल मायदेशी गेल्यावर त्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले. त्याच वर्षी अंगोलात सुरू झालेले वसाहतींचे युद्ध मग तेरा वर्षे चालले, आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक त्यात गेले, मेलेल्या आफ्रिकी माणसांची तर धड मोजदादही झाली नाही, आणि देशाच्या खजिन्याचा प्रचंड हिस्सा गिळणारे ते युद्ध थांबवण्यासाठी अखेर १९७४ साली लष्करालाच सरकार उलथवावे लागले.

आपल्या बाजूनेही किंमत मोजली गेली होती. भारताचे २२ जवान गोवा मुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये हुतात्मा झाले, त्यांपैकी सात नौसैनिक अंजदीव बेटावर, त्यांचे स्मारक आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर आहे. माघार घेताना पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोऱ्याचे पूल उडवले. त्या पुलांच्या जागी नवे पूल बांधायला जे लागले ते अर्थातच बांधकाम खात्याच्या वहीत गेले असणार, संरक्षणाच्या नव्हे. हा बारकावा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आजही तसेच होते: सीमेवरच्या गावातली पडलेली शाळा राज्याच्या शिक्षण खात्याकडे, मेलेली गुरे महसूल खात्याकडे, विस्थापितांच्या छावण्या जिल्हाधिकाऱ्याकडे. युद्धाचा खर्च फक्त संरक्षणाच्या मागण्यांत शोधणारा माणूस निम्मा हिशेब चुकतो.

आणि काही खर्च तर दुसऱ्यांच्या युद्धाचा असतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा तेथून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणावे लागले. त्यांत गोव्यातली कुटुंबे किती होती हे सासष्टी-बार्देशात कोणालाही विचारावे. विमानांचा खर्च कोठे तरी नोंदला गेला; बुडालेले पगार आणि मागे राहिलेली बँकेतली पुंजी कोठे नोंदली गेली? आज आखातात कोठेही ठिणगी पडली की तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरातले फोन रात्रभर वाजत असतात. हेही विवरणात आले पाहिजे, असे मी म्हणतो तेव्हा ते अवघड आहे याची मला कल्पना आहे. निदान परराष्ट्र मंत्रालयाने परत आणलेल्या, जखमी झालेल्या आणि मृत नागरिकांची संख्या एका जागी द्यावी, इतपत तर अवघड नाही.

संसदेने युद्धखर्चावर नजर ठेवावी ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली हौस आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने नामदार गोखले आठवावेत. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराविषयीच्या १८५८ च्या ब्रिटिश कायद्याच्या ५५ व्या कलमात असे बंधन होते की प्रत्यक्ष आक्रमण परतवण्याचा किंवा तशाच अचानक, तातडीच्या निकडीचा प्रसंग सोडल्यास, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही. बंधन असूनही दुसऱ्या अफगाण युद्धात काय झाले? सुमारे ६० लाख पौंडांचा अंदाज होता आणि खर्च पावणेदोन कोटींच्या घरात गेला. ही तफावत १८८० साली बाहेर आली तेव्हा वित्त सदस्य सर जॉन स्ट्रेची यांना जावे लागले, आणि ग्लॅडस्टन यांच्या सरकारने ५० लाख पौंड ब्रिटिश खजिन्यातून दिले. उरलेले इथल्या रयतेच्या माथी बसले. असल्याच गोष्टींविरुद्ध १८९७ साली गोखल्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली आणि पुढे १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात, हाती मताचा खरा अधिकार नसताना, लष्करी खर्चावर दरवर्षी बोट ठेवले. त्यांच्याजवळ अभ्यास होता आणि सत्ता नव्हती. तुमच्याजवळ मताचा अधिकार आहे, प्रश्नोत्तराचा तास आहे, संसदेचे ग्रंथालय आहे आणि समित्या आहेत.

एकट्या खासदाराने काय होणार, असे म्हणू नये. कॅनडात अफगाणिस्तानातील मोहिमेचा एकूण खर्च काढण्याचे काम तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने हाती घेतले ते एका खासदाराच्या विनंतीवरून. ते कार्यालय नुकतेच सुरू झाले होते, खात्यांकडून मिळालेली माहिती अपुरी होती आणि निवडणूक तोंडावर होती. तरी ऑक्टोबर २००८ मध्ये, मतदानाच्या काही दिवस आधी, सगळ्या पक्षांच्या संमतीने अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २०१०-११ पर्यंतचा खर्च १,८१० कोटी कॅनडियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता, आणि जखमी व मृत सैनिकांच्या कुटुंबांना पुढे द्यावयाची रक्कमही त्यात धरलेली होती. कॅनडाचे सैन्य तेव्हा कंदहारमध्ये लढत होते. अहवालामुळे त्या सैन्याचे काही बिघडले, असे मी कोठे वाचलेले नाही.

गुप्ततेचा मुद्दा मी हलका समजत नाही. कोणते क्षेपणास्त्र किती शिल्लक आहे, कोणते विमान कोणत्या तळावरून उडाले, हे उघड करू नयेच. पण मृतांची संख्या, अपंगत्व आलेल्यांची संख्या, सीमावर्ती नागरिकांची हानी, एकूण रुपये आणि त्यांची ढोबळ विभागणी, यांत शत्रूला उपयोगी पडेल असे काय आहे? संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालांत संवेदनशील मजकुराच्या जागी ताऱ्यांच्या खुणा छापलेल्या असतात. ते तारे मला मान्य आहेत. निदान त्या जागी काहीतरी आहे आणि ते कोणा खासदाराने पाहिले आहे, एवढे तरी त्यांवरून कळते. आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात. कॅनडात अफगाण कैद्यांची कागदपत्रे दाखवायला सरकारने नकार दिला, तेव्हा ती मागण्याचा सभागृहाला अधिकार आहे असा निर्णय सभापती पीटर मिलिकन यांनी २७ एप्रिल २०१० रोजी दिला. मग गुप्ततेची शपथ घेतलेल्या थोड्या खासदारांनी ती पाहावीत आणि वादाचा निवाडा माजी न्यायाधीशांनी करावा, अशी वाट निघाली. इच्छा असली की वाटा निघतात. सैन्याच्या मनोबलाचे म्हणाल तर माझ्या ओळखीतल्या एकाही माजी सैनिकाला हिशेब मागितल्याचे वाईट वाटलेले नाही. आपल्याला मिळालेले बूट कोणत्या प्रतीचे होते हे त्यांना सर्वांत आधी कळलेले असते.

खर्च लोकांना दाखवला तर लोक माघार घेतात, ही भीतीही निराधार आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर ‘शरणार्थी सहायता’चे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. पाकिटावर डोळ्यांसमोर दिसणारा तो कर देशाने कुरकुर न करता भरला.

तेव्हा आता नेमके काय करावे, हे लिहितो. तुमच्यापैकी एक जण संरक्षण राज्यमंत्री राहिले आहेत आणि एक जण नौदलातून निवृत्त झाले आहेत. या विषयावर सभागृहाने कान द्यावा असे सदस्य सगळ्याच राज्यांच्या वाट्याला येत नाहीत. पक्ष वेगळे आहेत, म्हणूनच तिघांनी मिळून एक पत्र लोकलेखा समितीच्या आणि संरक्षण स्थायी समितीच्या अध्यक्षांना लिहिले तर त्याला वजन येईल. त्या पत्रात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या खर्चाचे आणि हानीचे विवरण समितीपुढे मागवण्याची विनंती असावी. दुसरे, अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे विधेयक. आजवर अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० साली, हे मला माहीत आहे. तरी एखाद्या शुक्रवारी दुपारी ते चर्चेला आले तर सरकारला त्यावर भूमिका घ्यावी लागेल आणि ती नोंदली जाईल. विधेयकाला चार-पाच कलमे पुरेत: कोणत्या कारवाईला ते लागू, विवरणात कोणते रकाने, किती मुदत, गुप्त भाग कोणत्या समितीपुढे, आणि युद्धासाठीचा पैसा कलम ११६ च्या वाटेनेच मागावा.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी असून तिला १५ दिवसांची पूर्वसूचना पुरते. येत्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना पुढील तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न विचारावा, ही विनंती, मसुदा मीच करून देतो: “१९६२ पासूनच्या प्रत्येक युद्धातील व लष्करी मोहिमेतील किती जखमी सैनिकांना आणि किती मृत सैनिकांच्या कुटुंबांना ३१ मार्च रोजी युद्धजन्य निवृत्तिवेतन मिळत होते, त्यावर गेल्या पाच आर्थिक वर्षांत मोहिमेनुसार किती खर्च झाला, त्यांपैकी किती जणांविरुद्ध शासनाची अपिले प्रलंबित आहेत, आणि ही माहिती मोहिमेनुसार ठेवली जात नसल्यास ती केव्हापासून ठेवली जाईल?” शेवटच्या पोटप्रश्नाचे उत्तर काय येते, याची मला विशेष उत्सुकता आहे. ते आल्यावर त्याची प्रत आपल्या कार्यालयाने गोव्यातल्या वर्तमानपत्रांनाही द्यावी.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखा अधिकारी
डिचोली, गोवा